डिझेल फोर-व्हील ड्राइव्हचा क्लच घरच्या घरी बदलताना

माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात रुतलेली जीप बाहेर काढताना, किंवा सिमरोळच्या पुढे भेरूघाटात ट्रकांच्या रांगेमागे थांबत-थांबत चढताना क्लचची जी झीज होते, ती शहरातल्या साध्या वापराने कित्येक महिन्यांतही होत नाही. इंदुरातील ज्या गाडीमालकांना पाने-सॉकेट हाताळण्याची सवय आहे, घरी सपाट जागा आहे आणि मदतीला एक धडधाकट माणूस आहे, त्यांना क्लच बदलण्याचे काम घरी करता येते. यात प्रत्यक्ष क्लच प्लेट बदलण्याचा भाग अगदी थोडा असून बाकीचे सारे श्रम गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) सुखरूप उतरवून पुन्हा चढवण्याचे असतात. त्यामुळे तयारीही त्याच बेताने करावी. पुढील क्रम थार किंवा बोलेरो यांसारख्या, स्वतंत्र चासी आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले इंजिन असणाऱ्या पार्ट-टाइम (म्हणजे गरजेपुरताच लावण्याच्या) फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी आहे. बोल्टांचा टॉर्क आणि तेलाचे माप मात्र आपापल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावे.

दोष खरोखरच प्लेटचा आहे का, हे आधी पाहावे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या सुमारास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाचे फेरे चढतात पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे. याउलट रिव्हर्स टाकताना दाते घासल्याचा आवाज येत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. त्याचे कारण बहुधा मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरची (पेडलचा दाब द्रवामार्फत क्लचपर्यंत पोहोचवणाऱ्या जोडीची) गळती, अथवा पाइपात शिरलेली हवा असते, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची गरज पडत नाही. पेडल दाबल्यावर सुरू होणारा घरघराट रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) असतो. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारा आणि दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून गिअरबॉक्सात जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगकडे बोट दाखवतो. हा फरक ओळखता आला नाही, तर नवा क्लच बसवूनही आवाज तसाच राहतो आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

आपल्याकडच्या बहुतेक घरांचे पोर्च पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याकडे उतरते असतात. अशा उतारावर गाडी घोड्यांवर (लोखंडी ॲक्सल स्टँडवर) चढवू नये. टाइल्सची जमीनही टाळावी, कारण ट्रॉली जॅकच्या लोखंडी चाकांखाली त्या फुटतात. सपाट सिमेंटचा कोबा सर्वांत चांगला. चारही घोड्या चासीच्या भक्कम भागाखाली द्याव्यात, विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कधीही लावू नयेत, आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. गाडीची उंची एवढी असावी, की जॅकवर ठेवलेला गिअरबॉक्स बेल हाउसिंगसकट (क्लचभोवतीच्या घंटेच्या आकाराच्या कवचासकट) बाजूने बाहेर ओढता येईल. ही उंची बहुतेक जण कमी ठेवतात आणि मग अर्ध्या कामात गाडी पुन्हा उचलण्याचा धोका पत्करतात. माझ्या मते गिअरबॉक्स धरणारा विशेष जॅक भाड्याने घेणे हा या कामातील सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कामाला सुरुवात करावी. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचे तेल काढून घ्यावे. ते नाल्यात न टाकता वापरलेले तेल घेणाऱ्या गॅरेजला द्यावे. पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे लांब दांडे) खोलण्यापूर्वी त्यांच्या जोडाच्या चकतीवर म्हणजे फ्लँजवर पंचने खुणा कराव्यात, कारण ते पूर्वीच्याच स्थितीत न बसल्यास गाडी थरथरू लागते. केबिनमधून गिअर आणि ट्रान्स्फर केस असे दोन्ही लिव्हर, खालून रिव्हर्स लाइटच्या स्विचची व सेन्सरची वायरिंग आणि स्टार्टर काढावा. स्लेव्ह सिलिंडर बाहेरच्या बाजूस असेल, तर पाइप न उघडता तो बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवावा आणि काम संपेपर्यंत पेडलला कोणी पाय लावणार नाही याची दक्षता घ्यावी. अन्यथा पिस्टन बाहेर पडतो.

गिअरबॉक्सला खालून पेलणारा मागचा क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) काढण्याआधी इंजिनाच्या सम्पखाली (तळाच्या तेलटाकीखाली) लाकडी फळी घालून जॅकचा आधार द्यावा, म्हणजे इंजिन मागे झुकून पंखा रेडिएटरला लागणार नाही. शक्य असेल तर ट्रान्स्फर केस प्रथम वेगळी काढावी. दोन्ही एकत्र असताना वजन इतके होते आणि तोल इतका मागे जातो, की दोघांनाही ते सावरणे अवघड ठरते. बेल हाउसिंगचे बोल्ट निरनिराळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवावा. मग गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे ओढावा. त्याचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये.

आत साचलेली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून मास्क लावून ब्रेक क्लीनरने ती ओली करून पुसून घ्यावी. क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागच्या टोकाच्या जड चाकावर) दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे सैल करत काढावेत. यानंतरची पाहणी घाईत उरकू नये, कारण क्लच का गेला याचे उत्तर येथेच सापडते. प्लेट कडेपर्यंत ओशट आणि काळी दिसत असेल तर क्रँकशाफ्टचे मागचे सील गळत आहे. गंधकासारखा उग्र वास असलेले तेल गिअरबॉक्सच्या सीलमधून आलेले असते. सील न बदलता नवी प्लेट बसवणे म्हणजे ती जाणूनबुजून खराब करणे होय. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर तो उतरवून टर्नरकडून फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घ्यावा. फ्लायव्हील दुहेरी म्हणजे ड्युअल-मास प्रकारचा असल्यास मात्र त्याचे फेसिंग करू नये, तो तपासून गरज भासल्यास बदलावा. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे) ही चारही एकदमच बदलावीत. जुने बेअरिंग फिरवून "अजून चालेल" असे सांगणारे मेकॅनिक भेटतात. पण पुन्हा एवढे सगळे उतरवण्याच्या मानाने त्या बेअरिंगची किंमत नगण्य असते.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो क्लीनरने पूर्ण पुसावा. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. ती वाचूनच प्लेट लावावी, कारण उलटी बसलेली प्लेट सगळे जोडल्यानंतरच लक्षात येते. अलाइनमेंट टूलने प्लेट मध्यावर धरून बोल्ट पुन्हा समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि अखेरीस टॉर्क रेंच वापरावा. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (प्लेटच्या हबमध्ये बसणाऱ्या खाचांवर) उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पुसट हात द्यावा. जास्त झालेले ग्रीस उडून लायनिंगवर जाते.

गिअरबॉक्स चढवताना तो एखाद्या गिअरमध्ये टाकावा आणि मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवत पुढे सरकवावा, म्हणजे स्प्लाइन एकमेकांत बसतात. इंजिन आणि हाउसिंगमधील फट चारही बाजूंनी सारखी राहील असा जॅकचा कोन ठेवावा. शेवटचे बोटभर अंतर बोल्ट आवळून मिटवण्याचा मोह अनावर होतो, परंतु तसे केल्याने हाउसिंगचा कान तुटतो किंवा प्लेटचा हब वाकतो. गिअरबॉक्स हाताच्या जोराने टेकला नाही, तर मागे घेऊन प्लेट पुन्हा मध्यावर आणावी. पुढची जोडणी उलट क्रमाने होते. तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच भरावे, कारण जीएल-४ वर्गाचे तेल सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ वर्गाचे घातल्यास सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावेत म्हणून असलेल्या) पितळी रिंगांना अपाय होऊ शकतो. पाइप उघडला असल्यास क्लचमधील हवा काढावी.

पहिले सुमारे ५०० किलोमीटर गाडी शहरातच हलक्या हाताने चालवावी. घाट, ओझे आणि टोइंग टाळावे. त्यानंतर प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासावेत आणि तेलाची पातळी पाहावी. पुढे चिखलात गाडी रुतली, तर अर्धा क्लच दाबून इंजिन गरजवण्याऐवजी सुरुवातीलाच फोर-लो (चारही चाकांना जास्त ओढ देणारा सावकाश गिअर) लावावा, पेडल पूर्ण सोडावे आणि गाडी कमी फेऱ्यांवर सरपटत बाहेर येऊ द्यावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा टू-व्हील ड्राइव्ह लावावा.