निबंधाची सुरुवात: या चुका टाळा

दहावीच्या मराठीच्या पेपरात निबंधाला ८ गुण असतात आणि तपासणाऱ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यातले कितीतरी निबंध ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ नाहीतर ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथूनच निघतात. वाक्य खोटं नाही, पण ते मोबाइलच्या निबंधालाही चालतं आणि पाणीटंचाईच्याही. तुमची पहिली दोन वाक्यं दुसऱ्याच विषयाला लावून पाहा. तिथेही बसली तर खोडून टाका. खरी सुरुवात बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात दडलेली असते.

त्याहून वाईट म्हणजे उसनं दृश्य. ‘उन्हाळ्यातील एक दुपार’ लिहायला सांगा, वर्धा-यवतमाळची पोरं गाइडमधली खळखळ वाहणारी नदी आणि गार वारा उतरवतात. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, नाले कोरडे पडतात. मग ही नदी आली कुठून? त्यापेक्षा असं लिहा: ‘दुपारी बारानंतर आमच्या गावात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आबा मात्र डोक्याला दुपट्टा बांधतात, खिशात कांदा टाकतात आणि वावराकडे निघतात.’

आत्मवृत्तात ‘मी शेतकरी बोलतोय, मी जगाचा पोशिंदा’ ही सुरुवात ठरलेली. एकही कास्तकार स्वतःबद्दल असं बोलत नाही, हे घरी बापाला ऐकून लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं! ‘मृगात टोबलेली सरकी उगवलीच नाही. पुन्हा थैली आणली, उधारीवर.’ एवढ्यात बोलणारा कोण ते कळतं, आणि पुढे काय झालं हेही वाचावंसं वाटतं.

इथे मुलं हमखास अडतात: पऱ्हाटी (कपाशी), धुरा (शेताचा बांध), डवरणी (कोळपणी) हे आपल्या बोलीतले शब्द चालतील का? माझ्या मते बेलाशक चालतील. वस्तूंची आणि कामांची नावं आपली ठेवा, वाक्यरचना प्रमाण ठेवा. ‘येऊन रायला’ फक्त संवादात, अवतरणचिन्हांत.

सुविचारानं सुरुवात करायची तर तो कोणाचा ते पक्कं हवं. तुकडोजी महाराजांची ओळ गाडगेबाबांच्या नावावर खपवलेली अनेकदा दिसते. स्वच्छतेच्या निबंधाला तर सुविचार लागतही नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, तेवढंच लिहा.

ओळीनं चार प्रश्न विचारून सुरुवात करू नका. एक पुरे, तोही उत्तर पुढे देणार असाल तरच.

आणि सुरुवात सुचतच नसेल तर पेन चावत बसू नका. तीन-चार ओळी कोऱ्या सोडा, मधला भाग लिहून काढा, मग वर या. तोवर काय सांगायचं ते हाताला लागलेलं असतं. फक्त घंटा होण्याआधी त्या ओळी भरायच्या राहू देऊ नका.