स्पीच थेरपीच्या पहिल्या व्हिडिओ कॉलआधी

चार्जिंग, रेंज, इन्व्हर्टर यांवर बोलत नाही. सिंधुदुर्गात राहणाऱ्याला लाईटचं काय सांगायचं!

आमची फजिती वेगळीच झाली. रेंज फुल, आवाज स्वच्छ आणि साडेतीन वर्षांचा बाबू अनोळखी बाई बघून माझ्या पदरात तोंड खुपसून बसला. पाऊण तास एक अक्षर नाही. पुण्याच्या थेरपिस्ट मॅडमनी विचारलं, "घरी कसा बोलतो, त्याचा व्हिडिओ आहे?" फोनमध्ये वाढदिवस होता, गणपतीची आरती होती. बाबूच्या बोलण्याचा एकही व्हिडिओ नव्हता. फी गेली.

म्हणून आधी घरचा व्हिडिओ काढा. दोन-दोन मिनिटांचे तीन पुरेत: जेवताना, खेळताना आणि काहीतरी मागताना. मागतानाचा तर हवाच. आमच्या व्हिडिओत बाबू पडवीत माझा हात ओढून डब्याच्या झाकणावर ठेवतो आणि "का" म्हणतो. का म्हणजे काजू. यात काय दाखवायचं, असं मला वाटलेलं. मॅडमनी तोच तुकडा तीनदा पाहिला. बोट दाखवतो की हात ओढतो, मागताना तोंडाकडे बघतो का, हे त्यांना शब्दांइतकंच बघायचं असतं.

आणि शूटिंग करताना गप्प राहा! आमच्या पहिल्या चार व्हिडिओंत बाबू कमी, आजी जास्त: "बोल मरे, काय होया तुका? काजू? काजू म्हण!" एकदा विचारलं की मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. पाच आकडे किती लांब असतात ते तेव्हा कळतं. मालवणीत विचारलंत तरी चालेल; मॅडमसाठी पुस्तकी मराठी काढू नका, मूल गोंधळतं.

व्हिडिओ आदल्या रात्रीच पाठवा. सकाळी पाठवायला गेलं की ते चक्र नुसतं फिरत बसतं. फॅमिली ग्रुपवर टाकू नका, "आमचो पण उशिरा बोल्लो" सुरू होतं.

कान तपासलेत? "हाक मारली की बघतो" यावर जाऊ नका. पडद्यामागे पाणी साचलेलं असलं तरी मूल हाकेला बघतं, पण हळू बोललेलं त्याला पुसट ऐकू येतं. चाचणीला दाद देत नसेल तर झोपेत बेरा करतात, म्हणजे डोक्याला तारा लावून कानाची तपासणी. रिपोर्टचा फोटो पाठवा. व्हिडिओबरोबरच, म्हणजे तोही विसरणार नाही.

थेरपिस्टचा आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी लागते, त्यात लाजायचं काही नाही.

पावसात पत्र्याखाली बसू नका. फोन मुलाच्या तोंडासमोर, उजेड समोरून. खिडकी पाठीमागे असली की ओठ काळे दिसतात. कॉलआधी त्याच फोनवर कार्टून लावू नका, मग मॅडम दिसल्या की मूल फोन हिसकावतं. आवडीची वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवा, मागायला कारण हवं ना.

कॉल संपला की सांगितलेलं लिहून काढा, तारीख घ्या. फोनमधली जागा रिकामी करा, पुढच्या वेळी परत व्हिडिओ लागेल.