ज्वारीच्या सीड प्लॉटमधली भेसळ पहाटेच काढा

ज्वारीचा संकरित बियाण्याचा प्लॉट घेतला असेल, तर कणसं निसवल्यापासून, म्हणजे पानातून बाहेर पडल्यापासून, फुलोरा संपेपर्यंत सकाळची झोप विसरा. ज्वारी रात्री उशिरा ते पहाटे फुलते. जालन्याकडच्या प्लॉटांवर बायकांची टोळी घेऊन मी हेच काम करते आणि उजाडताच ओळीत शिरते. दहाच्या उन्हात गेलात तर पराग उडालेले असतात, मग काय ओळखणार?

प्लॉटमध्ये दाणा धरणाऱ्या मादी ओळी असतात आणि त्यांना पराग देणाऱ्या नर ओळी. मादी ओळीतलं प्रत्येक झाड नरवांझ हवं, म्हणजे स्वतःचे पराग न देणारं; त्या ओळीत पराग देणारं झाड म्हणजेच भेसळ. त्याच्या परागकोशाचं आतलं अस्तर परागकणांना नीट पोसत नाही, कण पोकळ राहतात. हा गुण पेशीद्रवातून, आईकडून उतरतो. टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मायलो आणि काफिर ज्वारीच्या संकरातून तो १९५४ साली दाखवला; १९६४ मध्ये आपल्याकडे पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. पण मादी वाण टिकवायला तिची जुळी बहीण लागते, तिला इंग्रजी ‘B’ अक्षरावरून बी-वाण म्हणतात. दिसायला हुबेहूब, फक्त पराग असलेली. तिचे दाणे बियाण्यात आले असतील तर फुलोऱ्याआधी ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं, म्हणून आधी शेंडा बघा. वांझ परागकोश बारीक, पांढुरके, सुकल्यासारखे. पराग असलेले टपोरे, पिवळे. टिचकी मारली की धूळ उडते. मात्र नर ओळीचे पराग वाऱ्याने मादीच्या कणसावरही बसतात, आणि नवीन पोरी चांगली झाडं उपटतात. म्हणून उद्या फुलणारं, अजून मिटलेलं फूल नखाने फोडा आणि परागकोश बंद मोबाइलच्या काळ्या काचेवर चिरडा. पिवळी भुकटी दिसली तर झाड भेसळीचं. तरी शंका असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली आयोडीनचा थेंब टाका: पिठूळ भरलेले कण काळेनिळे होतात, वांझ फिके राहतात.

सापडलेल्या झाडाचं नुसतं कणीस छाटू नका, फुटवे मागून फुलतात. कणसावर पिशवी घाला, मुळासकट उपटा, प्लॉटबाहेर न्या. बांधावर टाकलं तर उरलेली फुलं दुसऱ्या पहाटे उमलू शकतात. हीच फेरी रोज, शेवटचं कणीस फुलेपर्यंत.

शेजारची ज्वारी २०० मीटर लांब हवी, हे लागवडीपूर्वीच बघायचं.

थंडीत मादीपेक्षा नर ओळीची काळजी जास्त. निसवण्याच्या आधी रात्री पारा दहाच्या खाली गेला तर नराचेही पराग पोकळ निघू शकतात आणि मादीत दाणा भरत नाही. तीच आयोडीनची चाचणी नरावरही करा. पराग कमी वाटले तर कडेच्या उशिरा फुललेल्या नर कणसांचे पराग पहाटे कागदी पिशवीत झाडून घ्या आणि लगेच मादी कणसांवर झटका. पराग काही तासच जगतात, मादीचे कुंचले, म्हणजे पराग झेलणारी टोकं, मात्र काही दिवस वाट बघतात.