मेश वायफाय ५४ वर अडकलंय? आधी हे बघा

खानापूर, बेळगावकडच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींत तीन-तीन मेश पॉइंट (एकमेकांना जोडून घरभर वायफाय पोचवणारी उपकरणं) लावूनही मोबाइलच्या वायफाय तपशिलात लिंक स्पीड ५४ एमबीपीएसच दिसतो? आणखी एक पॉइंट विकत घेण्याआधी मेशची सेटिंग उघडा.

१. सिक्युरिटी, म्हणजे वायफायचं कुलूप, डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. टीकेआयपी ही जुनी पद्धत असेल तर ८०२.११एन या वायफाय मानकाचा जास्त वेगाचा हाय थ्रूपुट मोड चालत नाही, वेग ५४ वर उतरतो. दुखणं बहुतेक इथंच सापडतं.
२. डब्ल्यूएमएम (व्हिडिओ-कॉलसारख्या डेटाला आधी वाट देणारी सोय) चालू करा. ते बंद असलं तरी तीच गत.
३. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. चॅनल १, ६ किंवा ११. टिळकवाडी-शहापूरच्या दाट वस्तीत ४० ठेवणं म्हणजे शेजाऱ्यांशी उगाच भांडण.
४. पॉइंटांमधली आपसातली जोडणी ५ गिगाहर्ट्झवर, चॅनल ३६ ते ४८, रुंदी ८०. जुन्या उपकरणांत ४०. शॉर्ट गार्ड इंटरव्हलने (सिग्नलमधली मोकळी जागा कमी करणारी सेटिंग) वेग साधारण ११ टक्के वाढतो, पण लांबच्या पॉइंटला लिंक तुटायला लागली तर बंद करा.

जोडणीचं चॅनल सगळीकडे एकच हवं. बदलताना सगळ्यात लांबच्या पॉइंटपासून सुरुवात करा. मुख्य पॉइंट आधी बदललात तर बाकीचे तुटतात आणि मग शिडी घेऊन माळ्यावर चढावं लागतं.