एनएसएस कॅम्पात ग्रुप लीडर झालात? मग आधी घमेलं उचला

ग्रुप लीडर म्हणून नाव जाहीर झालं की माणूस दोन दिवस हवेतच असतो, गळ्यात शिट्टी, हातात लिस्ट, "ए तू तिकडे जा, तू खड्डा खण" असं चालू. मीपण हेच केलं होतं म्हणून सांगतोय. एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आणि ब्रीद काय तर "नॉट मी बट यू". टीशर्टवर छापलेलं असतं, वाचतंय कोण. दोन वर्षांत २४० तास आणि वर ७ दिवसांचा कॅम्प, त्यातला निम्मा वेळ हजेरी आणि फोटोत जातो, तरी लोकांच्या कामी येत टीम चालवायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगली जागा कॉलेजात नाही.

सुरुवात कॅम्पच्या महिनाभर आधी करा. गावात दोन चकरा मारा, बॅनर न घेता. सरपंच, ग्रामसेवक यांना भेटाच, पण तेवढ्यावर काम ठरवू नका. संध्याकाळी बाया शेतातून येतात तेव्हा हातपंपापाशी थांबा, आणि "तुमच्यासाठी काय करू" असं विचारू नका, त्यावर "करा की काय करायचं ते" एवढंच उत्तर येतं. पाणी किती वाजता येतं, सांडपाणी कुठं जातं, पावसाळ्यात कुठला रस्ता बंद पडतो, असं विचारा. आम्ही हे न करता देऊळ रंगवायचं ठरवून गेलो आणि गावाला हवे होते शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे. रंग आधीच घेऊन ठेवलेला, मग झालं काय, भिंती चकाचक आणि खाली गल्लीभर चिखल.

ड्युट्या लावताना पहिल्या दिवशीची संडास धुवायची पाळी लीडरने स्वतःची लावायची, गुपचूप, भाषण न ठोकता. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. क्रम तोच ठेवा. आणि ग्रेस मार्कांसाठी आलेल्या पोरांना टोमणे मारू नका, पन्नास जणांच्या भाताचं पातेलं सोबत बसून घासलं की तीच पोरं चौथ्या दिवशी न सांगता उठतात (एखादा नाही उठत, सोडून द्या).

आता श्रमदान. आमच्याकडे ओढ्यावर वनराई बंधारा होता, म्हणजे सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडं शिवायची आणि पात्रात आडवी रचायची. मी पोती गच्च भरायला लावली, म्हटलं जेवढं जड तेवढं मजबूत. पण गच्च पोतं गोल होतं, एकावर एक बसतच नाही, त्यात आम्ही सांध्यावर सांधा आणलेला, सगळ्या फटींतून पाणी. बांधावर बसून एक आजोबा दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरा, पाऊणच भर, आणि वरचं पोतं खालच्या दोघांच्या सांध्यावर टाक. भिंत बघितली नाहीस का कधी?" सगळ्यांसमोर बोलले म्हणून राग आलेला मला, खोटं कशाला बोलू. तरी म्हटलं, "आजोबा, तुम्हीच दाखवा." ते धोतर खोचून चिखलात उतरले आणि त्यांच्या मागोमाग गावातली चार पोरं आली. तोवर श्रमदानाला गावातलं एक माणूस फिरकलं नव्हतं! त्या दिवसापासून साइटवर काय करायचं ते आजोबा सांगायचे, मी घमेली द्यायचो.

रात्री बौद्धिक (म्हणजे पाहुण्यांचं व्याख्यान) झाल्यावर वीस मिनिटं गोल करून बसा, आज काय बिघडलं आणि कुणाला त्रास झाला एवढंच बोला, लीडरने सगळ्यात शेवटी. पहिल्या रात्री कुणी तोंड उघडत नाही, मग तुम्हीच स्वतःची चूक आधी सांगा, फक्त त्या रात्रीपुरतं.

आणि निघताना फावडी मोजून गाडीत टाकली की संपलं असं नाही, काम गावातल्या कुणाच्या तरी हवाली करून या, समारोपाच्या सत्कारात आधी त्यांना बोलवा. आम्ही महिन्याने परत गेलो तेव्हा दोन पोती सरकली होती म्हणे, त्या चार पोरांनी आम्हाला फोनसुद्धा न करता ती परत बसवली होती, आणि आजोबा आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमचं काय काम आता? चहा घ्या आणि जा."