बडोद्याहून बुझिएस: लोत नदीकाठच्या वाडीची वाट

फ्रान्सचा व्हिसा आधी. प्रवासाच्या किमान १५ दिवस आणि जास्तीत जास्त ६ महिने आधी अर्ज देता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. दांडिया बाजारातून फराळ बांधताना पेढे आणि तूप वगळा. युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. बाकरवडी खुशाल न्या.

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकातून थेट गाडीने लोत नदीवरच्या काओर शहरात उतरा. चौदाव्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल पाहूनच पुढे निघा. पुढे भाड्याची मोटार घ्या, कारण खेड्यांत बसगाड्या मोजक्याच.

बुझिएस म्हणजे नदीकाठची मूठभर घरं. इथून कड्याच्या चुनखडीत कोरलेली वाट सें-सिर्क-लापोपी या गावाकडे जाते. पूर्वी या वाटेने नावा दोरांनी ओढत. वाट खरोखर अप्रतिम आहे, घाई करू नका! पावसात दगड निसरडा होतो. पकड असलेलेच बूट घाला. शेवटचा चढ दमवतो.

जवळच पेश मेर्लची गुहा आहे, भिंतीवर ठिपक्यांचे घोडे, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. रोजची प्रवेशसंख्या मर्यादित असते, कारण श्वासांच्या ओलाव्याने चित्रं बिघडतात. उन्हाळ्यात आगाऊ तिकीट नसेल तर परत फिरावं लागतं. आत जेमतेम १२ अंश, स्वेटर हवाच.