‘मराठी चालत नाही’ असं लिहू नका: घरच्या सर्व्हरबद्दल तक्रार आणि मागणी कशी करावी

माझे बाबा कीर्तनं रेकॉर्ड करतात आणि फाइलला नाव देताना काहीही सोडत नाहीत. बुवांचं नाव, अभंग, देऊळ, गाव, तिथी, हार्मोनियमला कोण, तबल्याला कोण, सगळं नावात. घरच्या जुन्या डेस्कटॉपला दोन हार्ड डिस्क लावून मी साठवणीचा सर्व्हर केला, तर नेमक्या याच फाइली त्यावर चढेनात. विंडोजवर त्या वर्षानुवर्षं सुखाने नांदत होत्या. इथे अपलोडच्या पानावर नुसती लाल पट्टी: ‘त्रुटी’.

मी तावातावाने त्या अपलोडच्या सॉफ्टवेअरच्या गिटहबवर (सॉफ्टवेअर घडवणारे आणि वापरणारे जिथे तक्रारी नोंदवतात ती साइट) गेलो आणि लिहिलं, ‘मराठी नावं चालत नाहीत. कृपया मराठीचा सपोर्ट द्या.’ उत्तर आलं की आमच्याकडे देवनागरी नाव चालतंय, जरा जास्त माहिती द्या. काय माहिती द्यायची तेच मला कळेना, म्हणून गप्प बसलो. काही दिवसांनी तक्रार आपोआप बंद झाली. सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझी तक्रार म्हणजे डॉक्टरांना फोन करून ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगून फोन ठेवण्यातला प्रकार होता.

त्यानंतर बऱ्याच तक्रारी आणि मागण्या लिहिल्या. काही मार्गी लागल्या, काही पडून आहेत. त्यातून जी रीत बसली ती सांगतो.

दुखणं कोणत्या मजल्यावर आहे?

घरचा सर्व्हर ही एक वस्तू नसते, चाळ असते. तळाला डिस्क आणि केबल. त्यावर फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था: ईएक्सटी४, बीटीआरएफएस किंवा झेडएफएस. त्यावर लिनक्स, आणि विंडोजला फोल्डर दाखवणारं सांबा. त्याच्या वर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस या सर्व्हर सॉफ्टवेअरची आपल्याला दिसणारी पानं, आणि सगळ्यात वर डॉकरच्या वेगवेगळ्या खोल्यांत इमिच (फोटोंसाठी), जेलीफिन (सिनेमा-गाण्यांसाठी), नेक्स्टक्लाउड (फाइलींसाठी) असे भाडेकरू. नळ वरच्या मजल्यावर गळतो आणि ओल खालच्या भिंतीला दिसते, तसंच इथेही होतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी एकेक मजला वगळत जा. कॉपी मध्येच अडकत असेल तर आधी डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, काढा. त्यात १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी चुका (केबलवरून जाताना बिघडलेला डेटा), वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबल सैल किंवा खराब असते. ५ आणि १९७ हे आकडे (डिस्कवरच्या खराब जागा) वाढत असतील तर डिस्कच म्हातारी झाली आहे. तक्रार बाजूला ठेवा आणि आधी बॅकअप घ्या. मग ब्राउझरऐवजी नेटवर्क फोल्डरमधून तीच फाइल टाकून बघा. तिथेही अडली तर ब्राउझरचं पान निर्दोष.

‘लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप चालू व्हावा’ अशी एक लांबलचक मागणी मी एकदा लिहून काढली होती. पाठवायच्या आधी कळलं की ही सोय बहुतेक मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, आधीपासूनच असते. तेवढी लाज वाचली.

चुकीच्या दारावर किती काळ थाप मारता येते याचं मोठं उदाहरण झेडएफएसचं आहे. तीन-चार डिस्कचा रेड-झेड गट (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकतो असा) केला की त्यात पुढे एकच डिस्क वाढवता येत नसे. घरगुती वापराला ही मोठी अडचण, कारण आपण पगार बघून एकेक डिस्क घेतो. ट्रूनॅस तेव्हा फ्रीनॅस होतं आणि लोक त्याच्याकडे ही सोय मागत. पण ते काम मुळात झेडएफएस घडवणाऱ्या ओपन-झेडएफएस प्रकल्पाचं. मॅथ्यू अहरेन्स यांनी ते हाती घेतल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं, नोव्हेंबर २०२३ मध्ये ते मूळ कोडमध्ये शिरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये २.३ या आवृत्तीतून बाहेर आलं. वरच्या पानावर ‘डिस्क वाढवा’ असं बटण हवं म्हणणं सोपं असतं; त्या बटणाखाली सात वर्षांचं काम होतं.

दुसऱ्याच्या घरी घडवून दाखवता येईल असं लिहा

सगळा जीव या पायरीत आहे. दुरुस्त करणारा माणूस जर्मनीत असेल, अमेरिकेत असेल. तुमच्या घरी येऊन बघणार नाही. तुम्ही लिहिलेल्या कृतीने बिघाड त्याच्याकडे झाला, तरच तो दुरुस्त होईल.

बाबांच्या फाइलींचं कोडं मी असं सोडवलं. एक नाव घेतलं आणि शेवटून एकेक शब्द खोडत गेलो. तबलजी गेले, हार्मोनियमवाले गेले, तिथी गेली आणि फाइल चढली! म्हणजे भांडण मराठीशी नव्हतं, लांबीशी होतं. पण तेवढ्याच अक्षरांचं इंग्रजी नाव बिनतक्रार चढत होतं. ते का, हे कळल्यावर सगळाच उलगडा झाला. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला जास्तीत जास्त २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, वेलांटी, हलंत, अनुस्वार यांनाही, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट लागतात. ‘श्रीकृष्ण’ डोळ्यांना तीन अक्षरं, संगणकाला नऊ चिन्हं, २७ बाइट. २५५ ला तीनने भागा, ८५ चिन्हं हाती येतात. विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस बाइट मोजत नाही, तिच्या हिशेबात देवनागरीचं चिन्ह आणि रोमन अक्षर सारखंच, म्हणून तिथे काही अडलं नव्हतं. काही तयार नॅसमध्ये, म्हणजे विकत मिळणाऱ्या साठवणीच्या सर्व्हरमध्ये, फोल्डर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केला की मर्यादा १४३ बाइटवर येते. मग मराठीला उरतात ४७ चिन्हं. तेवढ्यात बुवांचं नाव आणि गाव बसलं तरी नशीब.

मग दुसरी तक्रार लिहिली. अशी:

शीर्षक: नाव २५५ बाइटपेक्षा लांब असेल तर अपलोडवर नुसती ‘त्रुटी’ दिसते, कारण दिसत नाही.
काय केलं: ‘क’ हे अक्षर ८५ वेळा लिहून त्या नावाची रिकामी फाइल चढवली, चढली. ‘क’ ८६ वेळा लिहून चढवली, नाही चढली. रोमन ‘ए’ ८६ वेळा, चढली.
काय अपेक्षित होतं: नाव लांब आहे असा संदेश.
काय झालं: लाल पट्टीवर फक्त ‘त्रुटी’. त्या वेळच्या लॉगच्या (सर्व्हरच्या नोंदवहीच्या) ओळी सोबत जोडल्या आहेत.
सॉफ्टवेअरची आवृत्ती, फाइल सिस्टिम, ब्राउझर: पुढे दिले आहेत.

मूळ मजकूर अर्थात इंग्रजीत होता, तोही शाळेतल्या निबंधासारखा. चालतं. छोटी, सरळ वाक्यं लिहा. आवृत्ती मात्र ‘लेटेस्ट’ अशी लिहू नका. आजचं लेटेस्ट पुढच्या महिन्यात शिळं असतं. पानावर दिसतो तो आकडा जसाच्या तसा उतरवा. डिस्क साटाने जोडल्या आहेत की यूएसबीच्या डब्यातून, हेही सांगा. कितीतरी विचित्र तक्रारींचं मूळ त्या डब्यात निघतं.

‘स्क्रीनशॉट जोडा’ असं सगळे सांगतात. मराठीच्या बाबतीत मी सांगेन की मजकूरही जोडा, नाहीतर स्क्रीनशॉट फसवतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ कोणी ऱ, हलंत, य असा टंकतो, कोणी र ला नुक्ता देऊन, तर कोणाचा कीबोर्ड र, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो. चित्रात तिन्ही एकसारखे दिसतात. शोधाच्या चौकटीत मात्र ‘दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो’ एका फोनवरून सापडतात, दुसऱ्यावरून नाही. अशा वेळी फाइलचं नाव कॉपी करून तक्रारीत चिकटवा, आणि रिकामी फाइलच झिप करून जोडलीत तर उत्तम.

लॉग देताना घराचं दार उघडं टाकू नका

ट्रूनॅसमध्ये ‘सेव्ह डीबग’ आणि अनरेड या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ‘डायग्नॉस्टिक्स’ असं बटण असतं. दाबलं की सगळ्या नोंदींचं गाठोडं मिळतं. अनरेडचं गाठोडं खाजगी तपशील बऱ्यापैकी झाकतं. तरी उघडून वाचाच. डिस्कचे सीरियल नंबर, घरचा आयपी पत्ता, इमेल, शेअर केलेल्या लिंका आणि फोल्डरची नावं त्यात असू शकतात. ‘आईचे रिपोर्ट’, ‘गृहकर्ज’, ‘वाटणीपत्र’ ही नावं जगाने का वाचावीत? गाठोडं खाजगीत पाठवायची सोय असेल तर तीच वापरा. चुकून पासवर्ड गेलाच तर मजकूर पुसत बसण्याआधी पासवर्ड बदला.

मागणीत अडचण लिहा, इलाज सुचवण्याची घाई नको

‘त्रुटी’चं कारण कळल्यावर माझ्या मनात आलेली पहिली मागणी होती, ‘२५५ ची मर्यादा १००० करा.’ ती त्या अपलोडवाल्यांच्या हातातच नव्हती. झेडएफएसने आपली मर्यादा १०२३ बाइट केली ती त्याच २.३ आवृत्तीत, आणि तीही आपण होऊन चालू करावी लागते. माझी फाइल सिस्टिम वेगळी, त्यामुळे मला तिचा उपयोग शून्य.

मग स्वतःला विचारलं, नेमकं अडतंय कुणाचं आणि कशावर? बाबांना लांब नाव हवं होतं हे खरं, पण त्याहून मोठी अडचण ही की फाइल का चढत नाही हे त्यांना कळत नव्हतं आणि ते तीच फाइल दहादा चढवत बसायचे. मागणी तीच लिहिली: पंचाहत्तरीच्या माणसाला कळेल असा संदेश दाखवा, नाव किती कमी करायचं तेही सांगा. कसं करायचं ते त्यांच्यावर सोडलं.

मागणीत तीन गोष्टी हव्यात. कोण, काय करायला गेल्यावर अडतं. आज त्यावर काय जुगाड करता. आणि तो जुगाड का पुरत नाही. जुगाडाची ओळ लोक गाळतात, पण करणाऱ्याला गरज किती खरी आहे ते तिथेच कळतं. एका अर्जात एकच मागणी. यादी पाठवलीत तर त्यातली सोपी होते आणि बाकीच्या तिच्यासोबत बंद होतात.

पाठवण्याआधी जुन्या मागण्या शोधा, बंद झालेल्यासुद्धा. सापडली तर ‘मलाही हवं’ असं लिहून शेकडो लोकांना सूचना पाठवू नका, तिच्याखालचं अंगठ्याचं चिन्ह दाबा. गिटहबवर अंगठ्यांनुसार यादी लावता येते, त्यामुळे तो वाया जात नाही. तुमची परिस्थिती वेगळी असेल तरच दोन ओळी लिहा. दारही बरोबर निवडा: इमिच नव्या मागण्या गिटहबच्या ‘डिस्कशन्स’मध्ये घेतं, जेलीफिनचं त्यासाठी मतदानाचं वेगळं पान आहे.

मोठ्या संख्येने ओरडून काही होतं का?

कधी होतं, कधी नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज होम सर्व्हरमध्ये ड्राइव्ह एक्स्टेंडर नावाची सोय होती: वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क टाका, सगळ्या मिळून एकच मोठी जागा दिसेल. वापरणारे त्यावर फिदा होते. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीत ती नसेल. भरपूर आरडाओरडा झाला, तरी २०११ ची आवृत्ती तिच्याशिवायच आली आणि पुढे ते उत्पादनच गुंडाळलं गेलं. उलट नॅस विकणाऱ्या सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये नव्या प्लस मॉडेलना आपल्याच किंवा आपण मान्य केलेल्या डिस्क हव्यात असं धोरण आणलं, लोक भडकले, आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम या त्यांच्या प्रणालीच्या ७.३ आवृत्तीसोबत ते सैल करावं लागलं. माझ्या मते हा फरक पाकिटाचा आहे. धंदा नॅसवरच चालतो त्या कंपनीला घरगुती गिऱ्हाईक रुसलेलं परवडत नाही.

ओपन सोर्समध्ये पाकीट नसतं, वेळ असतो. ओपनमीडियाव्हॉल्टसारखा प्रकल्प मुख्यतः फोल्कर थाइले या एका माणसाच्या खांद्यावर उभा आहे. तिथे ‘लगेच करा’ लिहिण्याआधी आपण त्याला काय देतो याचा विचार करावा. देणगी द्या. नेक्स्टक्लाउडचं भाषांतर ट्रान्सिफेक्सवर आणि जेलीफिनचं वेबलेटवर चालतं. दुपारच्या वेळात चार मराठी वाक्यं तिथे भरा.

पाठवल्यानंतर

प्रश्न आला तर उत्तर द्या. माझी पहिली तक्रार तिथेच मेली. चाचणीची आवृत्ती वापरून बघा म्हणाले तर जरूर बघा, पण घरच्या खऱ्या साठ्यावर कधीच नाही. जुना लॅपटॉप किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा नकली संगणक) घ्या आणि त्यात टाकाऊ फाइली भरा. काम झालं की ‘झालं, धन्यवाद’ लिहून तक्रार स्वतः बंद करा.

माझी दुसरी तक्रार त्या दिवशीच त्यांच्याकडे घडवून दाखवता आली. पुढच्या एका आवृत्तीत लाल पट्टीवर नीट वाक्य आलं: नाव लांब आहे, इतके बाइट कमी करा. बाबा ते वाचतात. नाव कमी करत नाहीत. मला फोन करून विचारतात, ‘तबलजीला काढू की तिथी?’